जाळे आपले, किल्ली कोणाची?

नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावती शहरात दंगल उसळली, संचारबंदी लागली आणि प्रशासनाने इंटरनेट सेवा बंद केली. मे २०२३ मध्ये अकोल्याच्या जुन्या शहरात दंगल झाली, एका माणसाचा जीव गेला, आणि तेथेही तोच उपाय योजण्यात आला. अफवांना आळा घालण्यासाठी हे करावे लागते, असे शासनाचे म्हणणे. या उपायाने अफवा खरोखर किती थांबतात याचा कसलाही अभ्यास सरकारजवळ नाही, हे संसदेच्या स्थायी समितीनेच डिसेंबर २०२१ च्या अहवालात नोंदविले आहे. अनुराधा भसीन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी असे आदेश जाहीर करणे आणि त्यांचा वेळोवेळी फेरविचार करणे बंधनकारक ठरविले. तो निकाल आपल्या बाजूचा आहे आणि त्याची अंमलबजावणी मागितलीच पाहिजे.

तथापि या दोन घटनांनी वऱ्हाडातील संस्था-संघटनांसमोर एक दुसरा प्रश्न उभा केला, त्याची चर्चा मात्र कोठेच झाली नाही. आपल्या संघटनांची कार्यालये आज संगणकावर चालतात. सभासदांची यादी, वर्गणीचा हिशेब, कोर्टातील कागदपत्रे, कामगारांनी विश्वासाने लिहून दिलेल्या तक्रारी, हे सारे कोठे ठेवलेले असते? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच मिळेल: कोणा कार्यकर्त्याच्या फुकटच्या टपालपेटीत, नाहीतर मोबाइलवरच्या एखाद्या गटात. कपाटाला कुलूप लावून त्याची किल्ली खिशात ठेवणारा आपला कार्यालयीन चिटणीस ही माहिती एका परदेशी कंपनीच्या गोदामात ठेवतो आणि निश्चिंत झोपतो.

यावर उपाय आहे. तो महाग नाही, बेकायदा नाही, आणि तो करू शकणारी मुले-मुली वऱ्हाडात शेकड्यांनी आहेत. आपल्या संगणकांना आपल्यापुरत्या खासगी जाळ्यात बांधणे, हा तो उपाय. ('खासगी' हा शब्द आपल्या कानाला खटकतो, हे मान्य. येथे त्याचा अर्थ घरातले, आतले, एवढाच घ्यावयाचा.) या जाळ्याला व्हीपीएन म्हणतात, आणि या नावाभोवती इतका घोटाळा झालेला आहे की प्रथम तो निस्तरणे भाग आहे.

बाजारात व्हीपीएन या नावाने जी वस्तू विकली जाते ती निराळी. तिचे काम एवढेच की आपण पाहत असलेल्या संकेतस्थळाला आपला खरा पत्ता दिसू नये. यात विश्वास नाहीसा होत नाही, फक्त दुसऱ्याकडे सोपविला जातो: आधी तो टेलिफोन कंपनीवर ठेवावा लागत होता, आता तो व्हीपीएन कंपनीवर ठेवावयाचा. २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने अशा कंपन्यांना ग्राहकांची नावे, पत्ते आणि त्यांना दिलेले इंटरनेटचे पत्ते पाच वर्षे जपून ठेवण्याचे फर्मान काढले, तेव्हा काही परदेशी कंपन्यांनी भारतातील आपली यंत्रे हलविली. संस्थांच्या अंतर्गत जाळ्यांना हे फर्मान लागू नाही, असा खुलासा त्या यंत्रणेनेच नंतर केला. आपण ज्याविषयी बोलत आहोत ते हे दुसरे, अंतर्गत जाळे. ते कोणाला काही विकत नाही. अमरावतीच्या कार्यालयातील संगणक आणि अकोल्याच्या कार्यालयातील संगणक जणू एकाच खोलीत, एकाच टेबलावर आहेत अशी व्यवस्था ते करते, आणि मधल्या वाटेवर कोणालाही आतला मजकूर वाचता येऊ नये म्हणून तो कुलूपबंद करते.

दुसरा गैरसमज अधिक घातक आहे. इंटरनेट बंद झाले की व्हीपीएन लावा, चालू होईल, असे सांगणारे तज्ज्ञ प्रत्येक चौकात भेटतात. हे चूक आहे. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या टप्प्यात ७५ किलोमीटर डांबरी रस्ता १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनेस पुस्तकात नाव नोंदविले गेले. त्या रस्त्यावरून जाणाऱ्या मालमोटारीला कितीही भक्कम कुलूप लावले तरी नाक्यावर रस्ताच अडविला तर ती पुढे जाणार नाही. व्हीपीएन हे मालमोटारीचे कुलूप आहे, रस्ता नव्हे. रस्ता टेलिफोन कंपन्यांचा, आणि तो बंद करण्याचा हुकूम शासनाचा. बंदी फक्त मोबाइलवर असेल आणि कार्यालयात तारेचे ब्रॉडबँड चालू असेल, तर जाळे चालेल. सारेच बंद असेल तर एका इमारतीतील, एका तारेने जोडलेले संगणक तेवढे एकमेकांशी बोलतील. याहून अधिक आशा कोणी दाखवीत असेल तर त्याच्या हेतूविषयी नव्हे, पण ज्ञानाविषयी शंका घ्यावी. आणि बंदीच्या काळात व्हीपीएनचा वापर हाच गुन्हा ठरविण्याची प्रवृत्ती शासनात आहे, हेही विसरून चालणार नाही. काश्मीरमध्ये फेब्रुवारी २०२० मध्ये व्हीपीएन वापरून समाजमाध्यमांवर लिहिणाऱ्यांविरुद्ध श्रीनगरच्या सायबर पोलिसांनी बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा दाखल केला होता.

मग या जाळ्याचा उपयोग काय? त्याचा उपयोग वर्षातील उरलेल्या दिवसांसाठी आहे. अकोल्याच्या औद्योगिक वसाहतीत आणि अमरावतीजवळ नांदगाव पेठच्या वस्त्रोद्योग संकुलात कंत्राटी कामगारांमध्ये काम करणाऱ्या एखाद्या संघटनेची कल्पना करा. तिच्याजवळची सर्वांत मोलाची आणि सर्वांत धोकादायक वस्तू म्हणजे सभासदांची यादी. ही यादी कंत्राटदाराच्या हाती पडली तर दुसऱ्या दिवशी कोणाला काम मिळणार नाही, हे सांगायला नको. कामगार संघटनेची नोंदणी असते, निबंधकाकडे तिला दरवर्षी विवरण द्यावे लागते. कायद्यापासून लपण्यासारखे तिच्याजवळ काही नाही. लपवावयाचे आहे ते ठेकेदारापासून, त्याच्या माणसांपासून, आणि त्या मोबाइलच्या गटापासून, ज्यात कोणी कोणाला जोडले हे सहा महिन्यांनी कोणालाच आठवत नाही.

ज्या साधनाने असे जाळे विणता येते त्याचे नाव वायरगार्ड. जेसन डोनेनफेल्ड यांनी ते रचले आणि मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात त्याचा समावेश झाला. ते मुक्त आहे: त्याचा मजकूर कोणीही वाचावा, वापरावा, बदलावा. आणि तो वाचण्याजोगा आहे, कारण मूळ रचना अवघ्या ४,००० ओळींच्या आसपासची आहे. याआधीची अशी साधने लाखालाखांच्या ओळींत जात. त्याची कल्पना साधी आहे. प्रत्येक संगणकाला किल्ल्यांची एक जोडी असते. एक गुप्त, ती त्या संगणकाबाहेर कधीही जात नाही. दुसरी उघड, ४४ अक्षरांची, ती सर्वांना द्यावयाची. पतसंस्थेच्या व्यवहाराशी परिचित असलेल्याला हे लगेच समजेल: उघड किल्ली म्हणजे बँकेत दिलेली नमुना सही, आणि गुप्त किल्ली म्हणजे सही करणारा हात. अमरावतीचा संगणक आपल्याजवळ अकोल्याची नमुना सही ठेवतो, अकोल्याचा अमरावतीची ठेवतो, आणि ज्याची सही नोंदलेली नाही त्याला हे यंत्र उत्तरच देत नाही. दार ठोठावणाऱ्याला आत कोणी आहे की नाही हेसुद्धा कळत नाही.

दोन संगणकांचे हे झाले. बारा संगणक असतील आणि प्रत्येकाने प्रत्येकाशी थेट बोलावयाचे असेल, तर सहासष्ट जोडण्या होतात. अमरावती, बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला, दर्यापूर, अचलपूर, प्रत्येक ठिकाणी दोन यंत्रे धरली तरी बारा होतात. सहासष्ट ठिकाणी हाताने सह्या नोंदवायच्या, आणि एक कार्यकर्ता संघटना सोडून गेला की अकरा ठिकाणी जाऊन त्याची सही खोडायची, हे कोणत्याही कार्यालयाला झेपणारे नाही. त्यातच आणखी एक अडचण आहे. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते जगात संपत आल्यामुळे मोबाइल कंपन्या असंख्य ग्राहकांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे बसवितात. चाळीतील सगळ्या बिऱ्हाडांचा पत्ता 'अमुक चाळ' एवढाच असावा तसे हे आहे. आतून पत्र बाहेर जाते, त्याचे उत्तरही येते, पण बाहेरच्या माणसाला आपण होऊन नेमके बिऱ्हाड गाठता येत नाही. नव्या पद्धतीचे पत्ते सर्वत्र नीट वापरात आले की ही अडचण पुष्कळशी दूर होईल. तोवर निदान एका संगणकाला स्थिर, उघडा पत्ता लागतो.

नेमक्या याच ठिकाणी कंपनी पुढे येते. सहासष्ट जोडण्यांची काळजी आमच्यावर सोपवा, चाळीतले बिऱ्हाड आम्ही शोधून देतो, तुम्ही फक्त तुमच्या नेहमीच्या खात्याने आत या, असे ती सांगते. टेलस्केल ही २०१९ साली कॅनडात निघालेली कंपनी या प्रकारची, आणि तिचे काम चांगले आहे हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. गुप्त किल्ल्या तिच्याकडे जात नाहीत. मजकूर तिला वाचता येत नाही. मात्र जाळ्यात कोण आहे याची यादी तिच्या यंत्रावर असते, आणि त्या यादीत नाव घालण्याची व काढण्याची व्यवस्था तिच्या हातून चालते. वायरगार्ड सर्वांचे आहे. वहिवाट मात्र कंपनीची.

वऱ्हाडातील माणसाला या व्यवस्थेची ओळख नव्याने करून द्यावयाची गरज नसावी. शकुंतला रेल्वे आपण पाहिली आहे. मूर्तिजापूरहून एक फाटा अचलपूरला, दुसरा यवतमाळला. रूळ वऱ्हाडच्या जमिनीवर, डब्यांतला कापूस वऱ्हाडच्या कास्तकाराचा, गाडी चालविणारे आणि तिकिटे फाडणारे नोकर सरकारी रेल्वेचे. आणि मालकी? किलिक-निक्सन या इंग्रज पेढीने काढलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची. स्वातंत्र्यानंतर देशातील रेल्वे राष्ट्राच्या मालकीची झाली तेव्हाही हा फाटा कराराच्या कलमांत अडकून कंपनीकडेच राहिला, आणि स्वतंत्र भारताची रेल्वे आपल्याच देशातील रुळांवरून गाडी चालविण्याबद्दल कंपनीची देणेकरी राहिली. १९९४ सालापर्यंत या मार्गावर वाफेचे इंजिन धावत होते. रुंदीकरणाची मागणी झाली की मालकीचा प्रश्न आडवा येई. आज ती गाडी बंद आहे. ज्यांनी तिच्यातून प्रवास केला, ज्यांनी तिच्या फाटकांवर नोकरी केली, त्यांच्यापैकी कोणालाही तिच्या भवितव्यात शब्द नव्हता, कारण करार दुसऱ्याच दोघांमध्ये झाला होता.

ही भीती काल्पनिक आहे असे ज्यांना वाटते त्यांनी जुलै २०२५ मधील नायरा एनर्जीचे प्रकरण आठवावे. गुजरातमध्ये वाडीनारला प्रचंड तेलशुद्धीकरण कारखाना असलेली ही कंपनी. तिच्यात रशियन भांडवल असल्यामुळे युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध घातले, आणि मायक्रोसॉफ्टने तिची टपालसेवा व इतर सेवा एकाएकी थांबविल्या. पैसे भरलेले होते, भारतीय कायद्याचा भंग झालेला नव्हता. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि काही दिवसांत सेवा पुन्हा सुरू झाल्या. नायराजवळ दिल्लीला मोठे वकील उभे करण्याची ऐपत होती. दर्यापूरच्या एखाद्या संघटनेचे खाते कोणा यंत्राने संशयावरून गोठविले तर ती कोणत्या न्यायालयात जाणार? बड्या भांडवलाशी आपल्याला सहानुभूती दाखवावयाची नाही. जे त्याच्या बाबतीत घडू शकते ते आपल्या बाबतीत किती सहज घडेल, एवढेच पाहावयाचे.

येथे हरिसालचीही आठवण होते. मेळघाटातील धारणी तालुक्याचे हे गाव २०१६ साली महाराष्ट्र शासनाने मायक्रोसॉफ्टच्या साह्याने 'डिजिटल गाव' म्हणून उभे केले. २०१९ च्या निवडणुकीत राज ठाकरे यांनी सभेच्या पडद्यावर त्याचे चित्र दाखवून सरकारची टर उडविली, तेव्हा ते राज्यभर गाजले. डिजिटल खरे की खोटे, यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलले गेले. त्या गावातील यंत्रणा कोणाच्या मालकीची, ती बिघडली तर दुरुस्त करण्याचा अधिकार आणि ज्ञान गावातील कोणाकडे आहे, हा प्रश्न मात्र कोणत्याही पक्षाच्या सभेत विचारला गेल्याचे ऐकिवात नाही.

आता मूळ अडचणीकडे वळू. सहासष्ट जोडण्या हाताने सांभाळता येत नाहीत आणि कंपनीकडे सोपवायच्या नाहीत, तर तिसरा मार्ग कोणता? तिसरा मार्ग म्हणजे जाळ्याचे वर्णन एका लेखी कागदात करणे, आणि प्रत्येक संगणकाने तो कागद वाचून स्वतःला त्याप्रमाणे घडविणे. संगणकशास्त्रात याला घोषणात्मक पद्धत म्हणतात. नाव बोजड आहे, गोष्ट परिचयाची आहे. नेहमीच्या पद्धतीत तंत्रज्ञ येतो, यंत्रासमोर बसतो, एकामागून एक आज्ञा देतो आणि निघून जातो. त्याने काय केले ते त्याच्या डोक्यात राहते. सहा महिन्यांनी तेथेही राहत नाही. घोषणात्मक पद्धतीत पायऱ्या सांगावयाच्या नसतात, अंतिम स्थिती सांगावयाची असते: या जाळ्यात ही बारा यंत्रे आहेत, अकोला कार्यालयाची उघड किल्ली ही, त्याचा आतला पत्ता १०.२०.०.२, हिशेबाच्या यंत्रापर्यंत फक्त या तिघांना जाता यावे. इतके लिहिले की पुढचे काम यंत्राचे. कागदात आहे ते यंत्रावर असेल. जाळ्याबद्दल कागदात जे नाही ते यंत्रावर राहणार नाही, मग ते पूर्वी कोणी घातलेले का असेना.

ही पद्धत पूर्णत्वाला नेणारी एक रचना म्हणजे निक्स. नेदरलंड्समधील उट्रेख्ट विद्यापीठात एल्को डोल्स्ट्रा यांनी २००३ च्या सुमारास तिचे काम सुरू केले, २००६ साली त्यावर प्रबंध लिहिला, आणि तिच्यावर उभी असलेली निक्स-ओएस ही संगणकप्रणाली आज जगभरचे स्वयंसेवक सांभाळतात. तिच्यात संपूर्ण संगणक एका लेखी वर्णनातून घडतो. बदल चुकला तर आधीची अवस्था शाबूत असते, तिच्याकडे परत जाता येते. सहासष्ट जोडण्या मग कोणी हाताने लिहीत नाही. बारा नावांची यादी एकदा लिहावयाची, जोडण्यांचे गणित यंत्र करते. एसटीत कार्यकर्त्याचा लॅपटॉप चोरीस गेला तर यादीतील त्याची ओळ काढावयाची आणि नवा कागद सर्व यंत्रांना द्यावयाचा. त्या वेळी बंद असलेले यंत्र अर्थातच जुनाच कागद धरून बसते, म्हणून एकही यंत्र महिनोन्महिने बंद पडून राहणार नाही हे पाहावे लागते.

सहकारी चळवळीत वाढलेल्या वाचकाला हा कागद ओळखीचा वाटेल. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली प्रत्येक संस्थेला सभासदांची नोंदवही ठेवावी लागते, पोटनियम लिहून मंजूर करून घ्यावे लागतात, आणि कलम ३२ प्रमाणे ही कागदपत्रे पाहण्याचा सभासदाला अधिकार असतो. संस्थेत कोण आहे आणि कोणाला काय करता येते, हे चेअरमनच्या मर्जीत किंवा सचिवाच्या स्मरणात असू नये, लेखी असावे, हे त्या कायद्याचे सार. याची मुळे आपल्याच मातीत आहेत. कारंजा येथे १८८६ साली देशातील पहिला नियंत्रित कापूसबाजार सुरू झाला आणि १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविणाऱ्या दलालीला लेखी नियमाने बांधण्याचा तो प्रारंभ होता. हेतू इंग्रजांच्या गिरण्यांना शुद्ध कापूस मिळावा हाच होता, आणि त्या बाजारांच्या समित्यांवर वरचष्मा व्यापाऱ्यांचा राहिला. नियम लेखी असणे पुरेसे नसते. तो कोण लिहितो, कोण वाचू शकतो आणि कोण बदलू शकतो, यावर सारे अवलंबून असते. समितीवर कास्तकार बसावा म्हणून पुढे जी लढाई करावी लागली ती याच मुद्द्यावर होती.

म्हणून तंत्राइतकीच त्याच्याभोवतीची शिस्त महत्त्वाची. जाळ्याचा कागद सर्व कार्यकारिणीला वाचता आला पाहिजे. त्यात प्रत्येक बदल कोणी, कधी आणि का केला याची नोंद आपोआप ठेवणारी साधने उपलब्ध आहेत, ती वापरावी. सभेचे इतिवृत्त आपण ठेवतो तसेच हे. एकाने बदल सुचवावा, दुसऱ्याने वाचून मान्य करावा, मगच तो अमलात यावा. गुप्त किल्ली मात्र या कागदात चुकूनही लिहू नये. निक्सच्या कोठारातील मजकूर त्या यंत्रावरील कोणालाही वाचता येतो. तेथे गुप्त किल्ली ठेवणे म्हणजे हिशेबाच्या वहीला तिजोरीची चावी दोऱ्याने बांधून ठेवणे होय. उघड किल्ल्या कागदात, गुप्त किल्ली ज्या त्या यंत्रावर, ही विभागणी मोडता कामा नये.

स्थिर पत्त्याचा जो एक संगणक लागतो तो कोठे असावा, यालाही महत्त्व आहे. साध्या वायरगार्डने जाळे बांधले आणि चाळीमागची दोन यंत्रे या मधल्या संगणकामार्फत बोलू लागली, तर त्या मधल्या संगणकावर मजकूर उलगडतो आणि पुन्हा बंद होतो. म्हणजे तो संगणक ज्याच्या ताब्यात, त्याला वाचता येईल. भाड्याच्या यंत्रापेक्षा तो संघटनेच्या कार्यालयात, तारेच्या ब्रॉडबँडवर, स्थिर पत्ता घेऊन ठेवलेला बरा. थेट जोडणी आपोआप शोधणारी सोय हवीच असेल तर टेलस्केलच्या मध्यवर्ती यंत्रणेला पर्याय म्हणून हेडस्केल हे मुक्त साधन आहे, ते आपल्याच यंत्रावर चालविता येते. स्लॅक कंपनीने २०१९ साली खुले केलेले नेब्युलाही याच जातीचे. निवड कोणतीही करा. यादी आपल्या घरात राहिली पाहिजे.

आक्षेप येतील, आणि त्यांतील एक खरा आहे. निक्सची भाषा अवघड आहे, तिचे मार्गदर्शन इंग्रजीत आहे आणि तेही विस्कळीत. एका हुशार मुलाने हौसेने सारे उभे करून दिले आणि तो नोकरीसाठी पुण्याला गेला, तर संघटना कंपनीच्या तावडीतून सुटून एका माणसाच्या तावडीत सापडेल. कंपनीचा निदान दूरध्वनी लागतो. या आक्षेपाला तंत्रात उत्तर नाही. लेखी कागद असल्यामुळे त्या मुलामागून येणाऱ्याला कोऱ्या पाटीपासून प्रारंभ करावा लागत नाही, एवढीच सवलत मिळते. खरे उत्तर दोन-तीन माणसे तयार करणे हेच, आणि ते कष्टाचे आहे. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ पासून आहे. बडनेऱ्याला, अकोल्याला आणखी महाविद्यालये निघाली. त्यांतून बाहेर पडणारी मुले हिंजवडीत बसून अमेरिकन बँकांची जाळी सांभाळतात. त्यांच्या आईवडिलांच्या पतसंस्थेचे, शिक्षक संघटनेचे, हमाल-मापाऱ्यांच्या युनियनचे जाळे सांभाळण्याची विनंती त्यांना आजवर कोणी केलेली नाही. सुट्टीत घरी आलेल्या अशा दोन मुलांनी एक आठवडा दिला तर काम उभे राहील, आणि मराठीत चार पानी टिपण लिहून ठेवले तर ते टिकेल.

'आमच्याजवळ लपविण्यासारखे काही नाही', हा दुसरा आक्षेप. तो बहुधा कार्यालयात बसणारे करतात. ज्या कंत्राटी स्त्री-कामगाराने मुकादमाविरुद्ध तक्रार लिहून दिली आहे तिला एकदा विचारावे.

खर्चाचा विचार करता पाच-सात वर्षे जुने संगणक या कामाला पुरतात, वायरगार्ड आणि निक्स यांना दाम नाही, आणि स्थिर पत्त्याचे ब्रॉडबँड एका कार्यालयाने घेतले की भागते. दोन कार्यालयांपासून प्रारंभ करावा, अमरावती आणि अकोला. मूर्तिजापूर नंतर जोडता येईल. जाळ्याच्या कागदाची एक प्रत दोन्हीकडे राहावी आणि महिन्याला एकदा दोन्ही प्रती ताडून पाहाव्या. हे ताडून पाहण्याचे काम कोणाकडे द्यावयाचे, याचा ठराव कार्यकारिणीने पहिल्याच बैठकीत करावा. ज्याने जाळे बांधले त्याच्याकडे मात्र ते देऊ नये.